ज्येवरून ज्या : भास्कराचार्य यांचे चरित्र

गणेश चतुर्थी जवळ आली की आपल्या घरांत सगळ्यांची नजर भिंतीवरच्या पंचांगाकडे जाते. आजी बोट ठेवून तिथी पाहते आणि त्याच खोलीत नातवाच्या हातात मोबाइल फोन वाजत असतो. एक वस्तू जुनी, दुसरी नवी; एक देवघराजवळची, दुसरी बाजारातून आणलेली. या दोन वस्तूंचे आपसांत काही नाते असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पण नाते आहे, आणि ते एका थोर पुरुषाच्या चरित्रातून चांगले उलगडते. म्हणून या आठवड्यात आम्ही वाचकांपुढे भास्कराचार्यांचे चरित्र ठेवीत आहोत.

त्याला निमित्तही घडले. आपल्याच समाजातला, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा एक तरुण मध्यंतरी आमच्याकडे आला होता. प्रयोगशाळेत त्याच्या हाती एक लहानसे सर्किट दिले होते. त्यात हवा तो आकडा भरला की ते सेकंदाला तेवढ्या कंपनांची एक सुबक, गोलाईदार लाट काढून देते. तिला साइन तरंग म्हणतात. त्या चिपच्या पोटात साइनचा एक तक्ता कोरलेला असतो, असे त्याला शिकवले होते. त्याने आम्हाला विचारले की साइनला आपल्या मराठीत काय म्हणतात. आम्ही सांगितले, ज्या. हा शब्द इंग्रजीवरून कोणी तरी बनवला असावा असे त्याला वाटले. भाषांतर झाले आहे खरे, पण उलट दिशेने, हे ऐकून तो चकित झाला. त्याला जे सांगितले तेच येथे सविस्तर सांगतो.

घराणे आणि शिक्षण

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ साली झाला. हे साल कोणी मागाहून अंदाजाने ठरवलेले नाही. त्यांनी स्वतःच ते आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. गावाचे नाव विज्जडविड. ते सह्याद्रीच्या परिसरात होते, असेही त्यांनीच लिहिले आहे. आजचे कोणते गाव म्हणजे विज्जडविड, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषशास्त्राचे जाणकार आणि ग्रंथकार होते. तेच भास्कराचार्यांचे गुरू.

हे घराणेच विद्वानांचे. एका शिलालेखात या कुळाची नऊ पिढ्यांची वंशावळ कोरलेली आहे. ती त्रिविक्रमापासून सुरू होते. सातव्या पिढीत भास्कराचार्य, आठव्या पिढीत त्यांचे पुत्र लक्ष्मीधर आणि नवव्या पिढीत नातू चांगदेव येतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदींत आपल्यापैकी कितीतरी जणांनी पणजोबांचे नाव आणि गाव शोधले आहे. चार पिढ्या मागे जाताना केवढी खटपट पडते हे त्यांना ठाऊक आहे. नऊ पिढ्यांची नावे दगडावर राहिली हे केवढे भाग्य, हे अशा वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या शिलालेखाकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

येथे एक खुलासा करायला हवा. भास्कर नावाचे आणखी एक गणिती सातव्या शतकात होऊन गेले. दोघांची गल्लत होऊ नये म्हणून अभ्यासक त्यांना पहिले भास्कर आणि आपल्या चरित्रनायकांना दुसरे भास्कर म्हणतात. भारताने ७ जून १९७९ आणि २० नोव्हेंबर १९८१ रोजी सोडलेल्या दोन उपग्रहांना जे भास्कर नाव दिले, त्यात या दोघांचेही स्मरण आहे.

लीलावती

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणि हा आपला मुख्य ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावतीत अंकगणित आणि भूमिती, बीजगणितात अज्ञात संख्यांचे हिशेब, गणिताध्यायात ग्रहांची गणिते आणि गोलाध्यायात खगोलाचे विवेचन. श्लोकांत सांगितलेला नियम विद्यार्थ्याला कळावा म्हणून ग्रंथावर त्यांनी स्वतःच टीकाही लिहिली. नियम का खरा आहे हे सांगितल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा त्यांचा बाणा त्या टीकेत दिसतो.

चारांपैकी लीलावती घराघरांत पोचली. भुंगे आणि कमळे, हत्ती आणि माकडे, मोर आणि साप यांची उदाहरणे घेऊन त्यांनी गणित गोड केले. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे आणि साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतो आहे. दोघेही सारखेच अंतर तोडतात, तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल? उत्तर बारा हात. आजही शाळेतल्या मुलाला हे कोडे घालून पाहावे.

लीलावतीची कथा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. ती भास्कराचार्यांची कन्या. तिच्या कुंडलीत वैधव्याचा योग होता. वडिलांनी तो टाळणारा एकच मुहूर्त शोधला आणि वेळ मोजण्यासाठी पाण्यावर घटिकापात्र सोडले. मुलगी कुतूहलाने वाकून पाहू लागली, तिच्या दागिन्यातला मोती पात्रात पडला आणि त्याने छिद्र बुजले. पाणी आत येईना, मुहूर्त टळला. मग वडिलांनी तिचे नाव अमर करण्यासाठी ग्रंथाला तिचे नाव दिले. कथा हृदयाला भिडणारी आहे. पण ती भास्कराचार्यांच्या लेखनात कोठेही नाही. अकबराच्या दरबारातील फैजी यांनी १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्यात ती येते. कथा मुलांना जरूर सांगावी, मात्र कथा म्हणूनच. ज्यांनी आपले जन्मवर्षही नेमके लिहून ठेवले त्यांच्याविषयी बोलताना तेवढी काळजी घेणे आपले कर्तव्य आहे.

बीजगणितातला पराक्रम थोडक्यात सांगतो. ज्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवल्यास पुन्हा पूर्ण वर्ग येतो, अशी सर्वांत लहान संख्या २२,६१,५३,९८० आहे. चक्रवाल नावाच्या पद्धतीने भास्कराचार्यांनी ती काढून दाखवली. फ्रान्सचे गणिती फर्मा यांनी हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे १६५७ मध्ये टाकला, म्हणजे पाच शतकांनी.

धनुष्याची दोरी

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. वर्तुळाचा एक तुकडा घ्या. तो वाकवलेल्या धनुष्यासारखा दिसतो, म्हणून जुन्या गणितज्ञांनी त्याला चाप म्हटले. चापाची दोन टोके जोडणारी सरळ रेषा ही धनुष्याची दोरी. तिचे नाव ज्या किंवा जीवा. हिशेबाला पूर्ण दोरीपेक्षा अर्धी दोरी सोयीची पडते. म्हणून अर्धज्या वापरात आली आणि बोलता बोलता त्यातला अर्ध हा शब्द गळून नुसती ज्या उरली.

हे ज्ञान अरबी ग्रंथकारांकडे गेले तेव्हा जीवा हा शब्द तिकडे जीब झाला. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा गाळतात, त्यामुळे तीच अक्षरे जैब अशीही वाचता येत. जैब म्हणजे वस्त्राचा छातीवरचा घोळ. हिंदीतला खिसा या अर्थाचा जेब हा शब्द त्याचाच वंशज. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी या दुसऱ्या अर्थाचा सायनस हा शब्द योजला आणि त्यावरून साइन आला. योगायोग असा की हे भाषांतर युरोपात होत होते त्याच शतकात इकडे भास्कराचार्य ज्येवर लिहीत होते.

ज्येचे आणि लाटेचे नाते समजायला साखर कारखान्याचे मोठे चाक डोळ्यांपुढे आणा. त्याच्या कडेवर चुन्याची एक खूण करा आणि चाक एका गतीने फिरू द्या. खूण मध्यरेषेच्या वर किती चढली, खाली किती उतरली हे क्षणाक्षणाला कागदावर मांडत गेलात तर गुळगुळीत चढउताराची लाट उमटते. खुणेची ती उंची म्हणजेच ज्या. खुणेचे मध्यापासूनचे आडवे अंतर म्हणजे कोज्या. ज्या वाढते तेव्हा कोज्या घटते.

आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या सुमारास चौथाई वर्तुळाचे २४ सारखे भाग करून प्रत्येक भागाच्या ज्येचा तक्ता दिला. पूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कला धरल्या तर त्याची त्रिज्या सुमारे ३,४३८ कला येते. त्या मापाने पहिली ज्या २२५, तीस अंशांची आठवी १,७१९ आणि नव्वद अंशांची चोविसावी ३,४३८. तक्ता चौथाई वर्तुळाचाच का? उरलेल्या तीन चौथाया त्याच आकड्यांचे प्रतिबिंब असतात म्हणून. चढताना जे आकडे आले तेच उतरताना उलट क्रमाने येतात आणि मध्यरेषेखाली तेच ऋण होतात. चोवीस आकडे पाठ असले की सारे वर्तुळ हाती आले.

ज्योत्पत्ती

तक्ता पाठ करणे निराळे आणि तक्ता कसा तयार होतो हे जाणणे निराळे. गोलाध्यायात भास्कराचार्यांनी ज्योत्पत्ती या नावाने स्वतंत्र प्रकरण लिहिले. ज्योत्पत्ती म्हणजे ज्या निर्माण करण्याची रीत. दोन कोनांच्या ज्या आणि कोज्या माहीत असतील तर त्या कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या कशी काढावी, हे त्यांनी तेथे सांगितले. या रीतीला ते भावना म्हणतात. शाळेतल्या त्रिकोणमितीत मुले आज जो सूत्रपाठ करतात तो हाच.

मग त्यांनी या सूत्राचा सुबक व्यवहारी उपयोग दाखवला. हातात एका कोनाची ज्या आणि कोज्या आहे असे समजा. ज्येतून तिचाच ६,५६९ वा भाग वजा करा. कोज्येला १० ने गुणून ५७३ ने भागा. दोन्ही मिळवा, एक अंश पुढची ज्या तयार. मिळवण्याऐवजी वजा केले तर एक अंश मागची ज्या मिळते. कोज्याही अशाच रीतीने एक पाऊल पुढे नेता येते. वाचकांनी कागद घेऊन करून पाहावे. शून्य अंशाला ज्या ० आणि कोज्या ३,४३८. कोज्येची दसपट ३४,३८०. तिला ५७३ ने भागले की बरोबर ६०. ही एका अंशाची ज्या. पुन्हा तोच नियम लावला की दोन अंशांची ज्या ११९.९८ येते. असे नव्वद वेळा करत गेलो तरी ३,४३८ च्या त्रिज्येत एका कलेचीही चूक पडत नाही. आमचा स्वतःचा हिशेब आम्ही यंत्रावर पडताळून पाहिला आहे.

चोवीस ज्यांच्या जुन्या तक्त्यासाठीही त्यांनी असाच नियम दिला. तेथे भाजक ४६७ आहे, आणि कोज्येला १०० ने गुणून १,५२९ ने भागायचे असते. हे आकडे त्यांनी अंकांत न मांडता शब्दांत गुंफले. बाण म्हटले की पाच, अंगे म्हटली की सहा, गो म्हटले की नऊ. श्लोक पाठ झाला की आकडा विसरण्याची भीती नाही. कागद दुर्मिळ असलेल्या काळात माणसाची स्मरणशक्ती हीच तक्त्याची पेटी होती.

रोजच्या कामाला एवढी बारीक आकडेमोड लागत नाही हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून दर दहा अंशांना एक, अशा अवघ्या नऊ ज्यांचा छोटा तक्ता त्यांनी त्याच ग्रंथात दिला. त्याची त्रिज्या १२० असून आकडे असे: २१, ४१, ६०, ७७, ९२, १०४, ११३, ११८, १२०. दोन आकड्यांच्या मधला कोन आला तर काय दुरुस्ती करावी हेही सांगितले. तक्ता मोठा ठेवावा आणि काम कमी करावे, की तक्ता छोटा ठेवून थोडी आकडेमोड वाढवावी? कोणते केव्हा योग्य, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

ज्या पुढे किती वाढणार हे त्या क्षणाची कोज्या ठरवते, हे त्यांनी ओळखले. त्यावरूनच ग्रहाची त्या क्षणाची गती, म्हणजे तात्कालिक गती, काढण्याची रीत त्यांनी दिली. ग्रहाचे नेमके स्थान काढायला ज्या लागते, सूर्यचंद्रांच्या स्थानांवरून तिथी ठरते, आणि तिथीवरून आपली गणेश चतुर्थी. पंचांगाचे ज्येशी नाते आहे ते असे.

सर्किटातले चाक

आता त्या तरुणाच्या सर्किटात शिरू. विजेची लाट काढण्याची जुनी रीत म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर. तारेच्या वेटोळ्यात आणि कपॅसिटरमध्ये वीज झुल्यासारखी मागे-पुढे झुलते. पण ऊन-थंडीने तिचा वेग थोडा बदलतो. जुन्या रेडिओवर लावलेले स्टेशन हळूच सरकत असे ते यामुळे. क्वार्ट्‌झ स्फटिकाचे ठोके फार नेमके पडतात. पण एक स्फटिक एकच वेग देतो. हव्या त्या वेगाची आणि तरीही स्फटिकाइतकी भरवशाची लाट काढायची कशी?

यावर डायरेक्ट डिजिटल सिंथेसिस नावाची रीत निघाली. अमेरिकेतील एम.आय.टी.च्या लिंकन प्रयोगशाळेतील जोसेफ टिअर्नी, चार्ल्स रेडर आणि बर्नार्ड गोल्ड यांनी १९७१ मध्ये अंकांतून लाट तयार करणाऱ्या यंत्रावर निबंध प्रसिद्ध केला. या यंत्रात चाक नाही. चाकाचा हिशेब आहे.

भिंतीवरच्या घड्याळाची कल्पना करा. त्याचा काटा दर ठोक्याला एकच घर पुढे जातो. समजा, दर ठोक्याला काट्याने किती घरे उडी मारायची हे आपण ठरवू शकलो. उडी मोठी सांगितली तर काटा भराभर फेऱ्या मारील. लहान सांगितली तर सावकाश. सर्किटात ठोके देतो क्वार्ट्‌झ स्फटिक, आणि काट्याचे काम करतो बेरीज करणारा एक भाग. तो दर ठोक्याला आपण दिलेला आकडा मागच्या बेरजेत मिळवतो. बेरीज भरली की घड्याळाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून. ही बेरीज म्हणजे चाक त्या क्षणी किती फिरले आहे तो कोन.

कोन कळला की तक्त्यात पाहायचे आणि ज्या उचलायची. तक्ता चिपच्या स्मृतीत कोरलेला असतो आणि जागा वाचावी म्हणून पुष्कळदा तो चौथाई वर्तुळाचाच ठेवतात. बेरजेचे पहिले दोन अंक सांगतात की आपण कोणत्या चौथाईत आहोत, तक्ता सरळ वाचायचा की उलट, आणि ज्या धन की ऋण. आर्यभटांच्या चोवीस ज्यांमागची युक्ती हीच. उचललेला आकडा पुढच्या भागाकडे जातो. तो आकड्याइतका विजेचा दाब तयार करतो. असे एकामागून एक दाब उमटले की जिन्याच्या पायऱ्यांसारखी लाट होते. शेवटी एक विद्युत गाळणी लावलेली असते. चहाची गाळणी जशी पत्ती अडवते तशी ही पायऱ्यांच्या कडा अडवते आणि गुळगुळीत लाट पुढे सोडते.

थोडे आकडे पाहू. अशा एका नेहमीच्या चिपमध्ये वर्तुळाचे ४,२९,४९,६७,२९६ भाग केलेले असतात; जुन्या ज्योतिषात ते २१,६०० होते. ठोके सेकंदाला साडेबारा कोटी. सेकंदाला ४४० कंपनांचा सूर हवा असेल तर उडीचा आकडा १५,११८ द्यायचा. सूर येतो ४३९.९९. आकडा एकाने बदलला तर कंपने जेमतेम ०.०२९ ने बदलतात. आकडा बदलताक्षणी सूर बदलतो आणि लाट मध्येच तुटत नाही, कारण काटा जेथे होता तेथूनच पुढची उडी घेतो. मर्यादाही आहेत. एका फेरीला दोनाहून अधिक ठोके मिळाले नाहीत तर लाटेचा मेळ बिघडतो. तक्त्याला जागा थोडी म्हणून बेरजेचे वरचे काही अंकच वापरतात, आणि त्या काटछाटीतून मूळ सुराशेजारी बारीक नको असलेले सूर उमटतात.

तक्ता लहान ठेवायची एक युक्ती म्हणजे कोनाचे ठोकळ आणि बारीक असे दोन तुकडे करून दोन छोटे तक्ते ठेवणे आणि दोन कोनांच्या बेरजेच्या सूत्राने ते जोडणे. भास्कराचार्यांची भावना ती हीच. दुसऱ्या जातीच्या मंडलांत तक्ताच नसतो. हातातल्या ज्या-कोज्येवरून पुढची ज्या-कोज्या काढत जायचे. हा तर ज्योत्पत्तीतला एक अंश पुढे जाण्याचा नियम झाला, फक्त सेकंदाला लाखो वेळा चालणारा. त्याची उणीवही उघड आहे. पावलागणिक राहणारी लहानशी चूक साठत जाते आणि लाट हळूहळू फुगते किंवा बसते. तक्त्याच्या रीतीत चूक साठत नाही, पण जागा लागते. रडार, रेडिओ, प्रयोगशाळेतील उपकरणे, इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि मोबाइल फोनचा रेडिओ भाग यांत अंकांवरून लाट काढण्याच्या अशाच रीती वापरतात.

हक्क किती सांगावा

हे सारे ऐकून तो तरुण उत्साहाने म्हणाला की मग ही चिप आपल्याच लोकांनी शोधली म्हणायची. आम्ही त्याला थांबवले. भास्कराचार्यांना वीज ठाऊक नव्हती आणि लिंकन प्रयोगशाळेतील मंडळींनी ज्योत्पत्ती वाचून यंत्र केले असे म्हणायला आधार नाही. त्यांचे श्रेय त्यांचेच. मात्र ज्येची कल्पना, तिचा चौथाई तक्ता आणि साइन हे नाव यांचा प्रवास आर्यभटांच्या परंपरेतून बगदाद आणि युरोपमार्गे झाला, हे इतिहासाला धरून आहे. आणि एका ज्येवरून दुसरी कशी उभी करावी हे सह्याद्रीच्या मुलखातल्या एका माणसाने आठशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वच्छ मांडले, हेही खरे आहे. जेवढे खरे आहे तेवढे पुष्कळ आहे. खोटी भर घातली की लोक खऱ्यावरही विश्वास ठेवीत नाहीत, आणि नुकसान आपल्याच मुलांचे होते.

पळीभर तेल

भास्कराचार्य उतारवयातही लिहीत होते. शके ११०५ म्हणजे ११८३ हे वर्ष आरंभ धरून त्यांनी करणकुतूहल हा सोप्या आकडेमोडीचा ग्रंथ रचला, तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. पुढे यादव राजा जैत्रपालाने लक्ष्मीधरांना पाटणहून बोलावून आपल्या दरबारी पंडितांत मानाचे स्थान दिले. चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापला. पाटण म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. त्या भागातील निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने १२०७ साली मठाला दान दिले. त्याचा शिलालेख पाटणच्या देवळात होता. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याविषयी लिहिले. नऊ पिढ्यांची वंशावळ सांगणारा तो हाच लेख.

या लेखात राजांची आणि पंडितांची स्तुती संस्कृतात आहे. पण मठाचा खर्च कसा चालायचा हे सांगायची वेळ येते तेव्हा भाषा मराठी होते. बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला, आणि प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल. ज्ञानेश्वरीच्या आधीची ही मराठी. ज्या शिकवणाऱ्या मठाचे दिवे गावच्या तेल्यांनी दिलेल्या पळीपळी तेलावर जळत होते.

मठ राहिला नाही, पण विद्या राहिली. कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिला आणि ज्येचे किचकट काम टाळून सोप्या आकडेमोडीने पंचांग करण्याची वाट दाखवली. महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके त्या ग्रंथावर चालली. त्याच गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली. म्हणजे कोकणातून या बेटावर आलेल्या आपल्या पूर्वजांच्या तिथी आणि सणवार ज्या पंचांगांवर ठरत, त्यांमागे ही गुरुशिष्यांची साखळी होती. पुढे मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्र हा मोठा ग्रंथ मराठीत लिहून हा सारा इतिहास आपल्या भाषेत आणून ठेवला.

तो तरुण निघताना आम्ही त्याला ६,५६९ आणि ५७३ हे दोन आकडे कागदावर लिहून दिले. आठ दिवसांनी तो परत आला. त्याने तो नियम आपल्या सर्किटात भरून पाहिला होता आणि पडद्यावर लाट उमटली होती. तिचे चित्र त्याने आजीला दाखवले. आजीला लाटेतले काही कळले नाही. पण ज्या हा शब्द तिने दोनदा उच्चारून पाहिला आणि पुढे काय झाले ते सांग म्हणाली.

आमच्या वाचकांना एवढेच सुचवतो. घरातले मूल त्रिकोणमिती शिकू लागले की त्याला साइनबरोबर ज्या हाही शब्द सांगावा, आणि रविवारी अर्धा तास काढून शून्यापासून नव्वद अंशांपर्यंतचा तक्ता त्याच्याबरोबर करावा. त्याला लागते एक पेन्सिल, एक वही आणि थोडा धीर. पाटणच्या तेल्यांनी पळीभर तेल दिले होते; आपल्याकडून तेवढे तरी व्हावे.